पावसानंतर कॅक्टस बुडाशी का कुजतो: सोलापूरच्या बागेसाठी क्रमाने तपासणी

उत्तरा-हस्ताचा पाऊस पडून जातो, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागतं आणि सोलापुरात घरोघरी तीच तक्रार सुरू होते: टणटणीत दिसणारा कॅक्टस आठवड्याभरात बुडाशी काळा पडला आणि आडवा झाला. पुढच्या वर्षी नवीन रोप येतं, त्याच कुंडीत, त्याच मातीत लागतं आणि पुन्हा तेच होतं. झाड बदलून हा दोष जात नाही, कारण तो झाडात नसतो. मुळांभोवती ओल किती दिवस टिकते, यावर सगळं ठरतं. खालच्या तपासण्या फुकटातल्यापासून खर्चाच्या आणि कष्टाच्या कामांपर्यंत क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडू नका. निम्म्याहून जास्त झाडांचं उत्तर पहिल्या तीन-चारांतच मिळतं.

लक्षणं

- बूड तपकिरी किंवा काळं, दाबलं तर बोट आत जातं. जिवाणूंची कूज असेल तर घाण वास येतो, बुरशीची असेल तर बहुधा नाही.
- माती ओली असूनही झाड सुरकुतलेलं. हे सगळ्यात फसवं लक्षण. मुळं मेली की पाणी वर चढत नाही, झाड तहानलेलं दिसतं आणि माणूस आणखी पाणी घालतो.
- हलवलं की डुलतं, किंवा उचललं की मुळांशिवाय हातात येतं.
- हिरवा रंग जाऊन पिवळट, काचेसारखी आरपार झाक.
- लाल-पिवळ्या डोक्याच्या कलमी 'मून कॅक्टस'चं डोकं ठीक, पण खालचा तिधारी हिरवा खुंट पिचपिचीत.
- फक्त पश्चिमेच्या अंगाला पांढरट, पुढे कागदासारखा कोरडा होणारा डाग.
- शेंड्याकडून खाली उतरणारा गंजासारखा थर.

शेवटची दोन लक्षणं कुजण्याची नाहीत, पण त्यांच्यावर बुरशीनाशकं ओतून पैसे वाया गेलेले दिसतात, म्हणून त्यांचा निकाल खाली लावला आहे.

१. पेन्सिलीने दाबून पाहा (खर्च शून्य)

जुन्या कॅक्टसचं बूड तपकिरी होणं स्वाभाविक आहे. वय वाढलं की बुडाशी झाडाच्या सालीसारखा कोरडा, टणक थर चढतो आणि हळूहळू वर सरकतो. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबा. लाकडासारखं कडक लागलं तर काही करायचं नाही. आत गेलं, चामडी सरकली किंवा पाणी सुटलं तर कूज. हे आधी पाहायचं कारण एवढंच की निरोगी बूड 'कुजलं' समजून कापलेली झाडंही कमी नसतात.

गंजासारखा थर शेंड्याच्या कोवळ्या भागावर असेल आणि भिंगातून बारीक जाळं दिसत असेल तर तो लाल कोळी. तो कोरड्या उन्हाळ्यात वाढतो, पावसात नाही. पाण्याचा जोरदार फवारा संध्याकाळी तीन दिवसांच्या अंतराने तीन वेळा मारला तरी बराच आटोक्यात येतो. पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम प्रतिलिटर चालतं, पण पारा ३५ अंशांच्या वर असताना मारलं तर झाड भाजतं, आणि सोलापुरात मार्च ते मे म्हणजे तेच दिवस. पश्चिमेचा पांढरा डाग उन्हाचा. तो भरून येत नाही, पसरतही नाही. ढगाळ तीन महिने काढलेल्या झाडावर ऑक्टोबरचं ऊन एकदम पडलं की असे डाग येतात. हिरवी जाळी एकदम काढू नका, दहा-पंधरा दिवसांत थोडी थोडी सरकवा.

२. अगरबत्तीची काडी (खर्च शून्य)

जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. टोकाला माती चिकटली किंवा काडी गार-ओलसर लागली तर पाणी घालायचं नाही. वरची माती वाळलेली दिसते आणि तळ चिखल असतो. म्हणून वरून बोट लावून अंदाज घेणं निरुपयोगी.

सोलापुरात एक खास सवय नडते. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी पाईप हातात असतो आणि गुलाब, जास्वंद, तुळस सगळ्यांसोबत कॅक्टसचीही आंघोळ होते. पाणी नळाच्या वेळेवर नको, काडीच्या निकालावर द्या. सहा इंची कुंडीसाठी ढोबळ अंदाज: मार्च-एप्रिलला आठ दिवसांनी, आडोशाखालच्या झाडाला जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तीन-चार आठवड्यांनी एकदा.

मे महिन्याचं गणित उलटं आहे, तेही समजून घ्या. कॅक्टस दिवसा आपली रंध्रं बंद ठेवतो आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतो. रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असल्या की ही देवाणघेवाण मंदावते आणि झाड जवळजवळ झोपतं. झोपलेलं झाड पाणी पीत नाही, आणि ४२-४३ अंशांत ओली कुंडी म्हणजे मुळांची उकड. मेमध्ये उन्हं उतरल्यावर, दहा-बारा दिवसांनी, अर्धंच पाणी.

३. तबकडी, छिद्र आणि गच्ची (खर्च दोन-चार विटा)

कुंडीखालची तबकडी काढून टाका. शोभेच्या सिरॅमिक कुंडीला छिद्रच नसतं; अशा कुंडीत कॅक्टस टिकत नाही, मग वर किती का पांढरे खडे पसरलेले असोत. प्लास्टिकच्या कुंडीची छिद्रं गच्चीच्या फरशीला घट्ट चिकटून बंद होतात. कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर उचला, खाली बोट जाईल एवढी फट हवी.

तळाला खडीचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, हा समज मात्र सोडा. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही; माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडतं. म्हणजे ओला पट्टा तळाऐवजी मुळांजवळ येतो. छिद्रावर माती गळू नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

४. पाऊस डोक्यावरून अडवा

वर्षातल्या पावसाचा मोठा वाटा इथे सप्टेंबरात पडतो, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबर २०२० सारखा एका दिवसात तळी करून जातो. जूनच्या सरींनी सहसा नुकसान होत नाही, कारण मधल्या उघडिपीत कुंडी वाळते. सलग चार-पाच दिवसांची झड नडते. ऑगस्टच्या शेवटी झाडं पारदर्शक पत्र्याखाली किंवा २०० मायक्रॉनच्या हरितगृह कागदाखाली घ्या. बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की आतली दमट हवा पावसापेक्षा वाईट. आडोसा नसेल तर कुंड्या पूर्वेच्या भिंतीलगत सज्जाखाली सरकवा.

५. पांढरा कापूस आणि मुंग्या

काट्यांच्या मुळाशी कापसासारखे ठिपके दिसले तर कानकाडीने एक चिरडा. फिकट पिवळसर-गुलाबी चिकट पाणी आलं तर पिठ्या ढेकूण. फड्या निवडुंगावर असेल आणि रक्तासारखा गडद लाल रंग सुटला तर तो कोचिनील किडा. रंगाचा किडा समजून १७९५ मध्ये त्याची एक जात ब्राझीलहून भारतात आणली गेली. रंग चांगला मिळाला नाही, पण रानभर माजलेला निवडुंग तिने फस्त केला. तुमच्या कुंडीतल्या फड्यालाही तो सोडणार नाही, पानं कापून जाळून टाका.

पिठ्या ढेकणाला सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेली कानकाडी लावा, संध्याकाळी, आठ दिवसांच्या अंतराने तीनदा. हे कुजण्याच्या यादीत का? कारण हा किडा जिथे टोचतो तिथून बुरशी आत शिरते. शिवाय त्याची एक जात मुळांवर राहते आणि वरून दिसतच नाही. कुंडीच्या छिद्रातून मुंग्यांची ये-जा दिसली तर मुळं पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. झाड कोणतं आहे ते ओळखा

तीनधारी निवडुंग आणि शेर हे कॅक्टस नाहीत. सुईने टोचल्यावर पांढरा चीक भळभळा आला आणि काटे लोकरीच्या गादीतून न येता थेट धारेवर जोडीने असले तर ते युफोर्बिया. (मॅमिलारिया प्रकारच्या काही गोल कॅक्टसनाही चीक असतो, म्हणून दोन्ही खुणा पाहा.) त्यांचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, कापाकापी करताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

आता 'थंडीत तग धरणारे' म्हणून ऑनलाइन विकले जाणारे प्रकार. उणे वीस अंश सोसतो असं वाचून लोक हौसेने मागवतात. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला, म्हणजे थंडी सर्वांत जास्त असतानाही पारा सहसा १० अंशांच्या खाली जात नाही. त्या गुणाचा इथे काहीच उपयोग नाही. उलट रॉकी पर्वताच्या कोरड्या उतारावरचे एस्कोबारिया, पेडिओकॅक्टस किंवा तिकडचे बरेच एकिनोसेरियस कोरड्या थंडीला सरावलेले असतात. आपल्या दमट, उबदार सप्टेंबरच्या रात्री त्यांना मानवत नाहीत. याला अपवाद ओपन्शिया ह्युमिफ्युसा. तो अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पावसाळी भागातला, कॅनडाच्या ऑन्टारियोपर्यंत पोचलेला. हिवाळ्यात स्वतःतलं पाणी कमी करून सुरकुततो, जमिनीला टेकतो आणि त्यामुळे गोठून फुटत नाही. थंडी आणि ओल दोन्ही सोसणारा खराखुरा म्हणायचा तर हा.

उघड्या बागेत लावायचे तर ओल सोसणारे निवडा: खांबासारखा वाढणारा सेरियस, फड्याच्या जाती, बिनकाट्याचा नोपल, ड्रॅगन फ्रूट, आणि दक्षिण अमेरिकेच्या उन्हाळी पावसाच्या प्रदेशांतले एकिनॉप्सिस, जिम्नोकॅलिशियम, पॅरोडिया. शेवटच्या तिघांना दुपारची सावली लागते. अॅस्ट्रोफायटम, एरिओकार्पस, कोपियापोआ आणि पांढऱ्या लोकरीचे प्रकार कायम आडोशाखाली. मून कॅक्टस मुळातच अल्पायुषी आहे. रंगीत डोक्यात हरितद्रव्य नसतं, त्याचं सगळं पोट खालच्या खुंटावर. तो दोन-चार वर्षांत गेला तर स्वतःला दोष देऊ नका.

७. कुंडीतून काढून मुळं पाहा

इथपर्यंत कारण सापडलं नाही तर झाड उपटायचं. कुंडी तीन-चार दिवस कोरडी ठेवा, झाडाला वर्तमानपत्राची जाड पट्टी गुंडाळून धरा, कुंडी आडवी करून ठोका.

निरोगी मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी, ताणली तर तुटायला जोर लागतो. कुजलेल्या मुळाची साल हातात येते आणि आत दोरा उरतो. मुळांवर न निघणाऱ्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत. डाळिंबवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. मुळांवर पांढरं पीठ म्हणजे मुळांवरचा पिठ्या ढेकूण.

सगळ्यात जास्त सापडतो तो मात्र नर्सरीचा गोळा. कालिम्पाँगसारख्या थंड भागातून किंवा मोठ्या रोपवाटिकांतून आलेलं रोप बहुधा कोकोपीटच्या गोळ्यात असतं, कधी त्याभोवती बारीक जाळीची पिशवीही. लोक तो गोळा तसाच चांगल्या मिश्रणात लावतात. बाहेरचं मिश्रण दोन दिवसांत वाळतं, गोळा आत दहा दिवस ओला राहतो, आणि बूड नेमकं त्या गोळ्यात असतं. नवीन रोप आणलं की पहिल्याच आठवड्यात गोळा काडीने उकलून काढा, जाळी कापा. तुटलेली मुळं सावलीत पाच-सात दिवस वाळू द्या, मग लावा आणि पहिलं पाणी आणखी आठवड्याने.

८. मिश्रण बदला (मजुरी तुमची, सामान स्वस्त)

आठ इंची कुंडीला साधारण चार लिटर मिश्रण लागतं:

- ३ ते ६ मिलिमीटरची काळ्या दगडाची बारीक खडी: दीड लिटर
- भाजक्या विटेचे तेवढेच तुकडे: एक लिटर
- लालसर मुरूम: पाऊण लिटर
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत: अर्धा लिटर

खत सोडून सगळं गव्हाच्या चाळणीने चाळा आणि खाली पडेल ते फेकून द्या. ही पायरी कंटाळवाणी म्हणून गाळली जाते आणि तिथेच सगळं फसतं. खडीसोबत येणारी क्रश सँडची, म्हणजे भरडलेल्या दगडाची, भुकटी पाणी पडल्यावर सिमेंटसारखी बसते आणि खडीच्या सगळ्या फटी भरून टाकते. राहिलेलं धुऊन घ्या. मुरमावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाहा. फसफसला तर त्यात चुनखडी आहे, दुसरा आणा. बोअरचं पाणी आधीच जड असतं, त्यात चुन्याचा मुरूम म्हणजे मुळांना लोह मिळणं बंद आणि शेंडा पिवळा. बोअरशिवाय पर्याय नसेल तर १० लिटरला ३ ग्रॅम लिंबूसत्व घालून पाहा. सामूपट्टीवर (पीएच मोजायच्या कागदावर) ६ ते ६.५ दिसलं की पुरे.

तपासणी: भरलेल्या कुंडीत एक लिटर पाणी ओता. पाणी पृष्ठभागावर साचता कामा नये आणि मिनिटाभरात खालून धार सुटली पाहिजे. मग काडीने रोज पाहा. उघड्या हवेत चार दिवसांत तळ कोरडा झाला नाही तर खडी वाढवा.

९. जमिनीतला वाफा

काळी माती पाणी धरते म्हणून मोहोळची मालदांडी ज्वारी पेरणीनंतर पावसाशिवाय निघते. त्याच गुणाने कॅक्टस मरतो. इथे होणारी नेहमीची चूक: दोन फूट खड्डा खणायचा, त्यात वाळू-खडी भरायची आणि झाड लावायचं. दिसायला शास्त्रशुद्ध, पण आजूबाजूच्या काळ्या मातीतलं पाणी या खडीत उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. जमिनीत पुरलेली पाण्याची बादलीच ती.

आधी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासात इंचभरही उतरलं नाही तर खाली खणायचं नाही, वर चढायचं. जमिनीवर दीड फूट उंचीचा उंचवटा करा: खालचा फूटभर जाड मुरूम आणि दगड, वरचे सहा इंच आठव्या मुद्द्यातलं मिश्रण. पायथा उंचीच्या चौपट रुंद ठेवा, नाहीतर पहिल्याच वळवाने ढासळतो. पायथ्याभोवती उताराकडे जाणारी वीतभर चर हवी. झाडाचं बूड मातीत पुरू नका. पूर्वी ज्या रेषेपर्यंत होतं तिथपर्यंतच.

१०. कुजलेला भाग कापणे

कुजलेला पेशीभाग कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. औषध फक्त निरोगी भाग वाचवायला. कटर-ब्लेड स्पिरिटने पुसा आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा, नाहीतर ब्लेडच कूज वर नेतं. कुजलेल्याच्या दोन सेंटिमीटर वरून आडवा काप घ्या आणि मधल्या वर्तुळाकडे पाहा. तिथे एक जरी तपकिरी ठिपका असला तरी आणखी वर. काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका. एवढ्याशा ठिपक्यापायी सगळी मेहनत पंधरा दिवसांत वाया जाते. कडा पेन्सिलीसारख्या तासा, कारण मधला भाग आकसून आत जातो.

कापावर गंधकाची भुकटी लावा. हळद-दालचिनीही लोक लावतात, हरकत नाही, पण खरं काम वाळण्याचं आहे. सावलीत, उभं, हवेशीर: बोटाएवढ्या जाडीला आठवडा, मनगटाएवढ्याला तीन आठवडे. झड चालू असेल तर पंखा लावा. मग कोरड्या खडीत टेकवा, पाणी मुळं दिसल्यावरच. आजूबाजूच्या झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराइड (५० टक्के) २.५ ग्रॅम प्रतिलिटर एकदा फवारा. बुडाशी पाण्यासारखी पसरणारी कूज एकाच वेळी अनेक झाडांत असेल तर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब मिश्रण २ ग्रॅम प्रतिलिटर मातीत. शेंड्यापर्यंत मधला गाभा तपकिरी असेल तर झाड गेलं, कापत बसू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

झुकलेला उंच सेरियस स्वतः कापू नका. दहा फुटी, सहा इंच जाडीचा एकच खांब ४०-५० किलोचा असतो आणि बुडाशी कुजला असेल तर कोणत्या बाजूला पडेल सांगता येत नाही. झाडं उतरवणारा माणूस दोर घेऊन येऊ दे. विजेच्या तारेजवळ असेल तर आधी महावितरणला कळवा, तोवर हात लावू नका.

चीक किंवा काटा डोळ्यात गेला तर प्रकार वेगवेगळे आहेत. चीक असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काटा असेल तर चोळू नका, ओढू नका, थेट जा. सांध्यात मोडलेला काटाही घरी टोकरायचा नाही. फड्याची कुसळं हातात शिरली तर फेविकॉलचा थर वाळवून सोला, बरीच निघतात.

गच्चीवर फूटभर जाडीचा वाफा करायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर. ओलं मिश्रण चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतं. घरगुती गच्चीचा वापराचा भार साधारण १५० किलो धरलेला असतो. गच्चीवर पाणी साचत असेल तर तो वॉटरप्रूफिंगचा प्रश्न आहे, कुंड्या सरकवून सुटणार नाही.

एकाच वाफ्यात तीन किंवा जास्त झाडं पाठोपाठ गेली, मुळांवर गाठी आहेत, किंवा ड्रॅगन फ्रूटच्या शेतात खोडांवर नारिंगी-तपकिरी ठिपके पसरत आहेत, तर दुकानदाराच्या सांगण्यावरून औषधं बदलत बसू नका. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या रोगशास्त्र विभागात नमुना न्या. मुळांच्या पातळीवरून, म्हणजे सहा-आठ इंच खोलीवरून अर्धा किलो माती, सोबत मूठभर बाधित मुळं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हात वाळवू नका, गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. वाळलेल्या मातीत सूत्रकृमी मरतात आणि अहवाल कोरा येतो. खोडाचा नमुना द्यायचा तर निरोगी आणि कुजलेल्या भागाच्या सीमेवरचा, कागदात गुंडाळून. निकाल येईपर्यंत त्या वाफ्यातलं खुरपं दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका.